घरच्या शाळेला बाहेरून काय लागतं

मरोळ नाक्यावरून मरोशी रस्त्याला लागलं, की दुकानांच्या वरच्या मजल्यांवरच्या पाट्या वाचत पुढे जाता येतं. आठवी ते दहावी सर्व बोर्ड, अकरावी-बारावी सायन्स, जेईई-नीट, अकाउंट्सची स्पेशल बॅच, आणि अलीकडे त्यात भर पडलेले कोडिंग नि रोबोटिक्स. चौकशीला आत गेलेल्या पालकापुढे छापील अर्ज सरकवला जातो. त्यात मुलाच्या नावाखालीच शाळेचं नाव विचारलेलं असतं. मूल शाळेत जात नसेल तर बोलणं इथेच अडतं. नापास झाला का, आजारी आहे का, शूटिंग वगैरे करतो का, असे प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतात. 'ठरवून घरी शिकतो' हे उत्तर क्लासच्या हिशेबात बसत नाही, कारण क्लास हा शाळेच्या मागोमाग चालणारा धंदा आहे. शाळेत झालेला धडा संध्याकाळी पुन्हा करून घ्यायचा, सहामाही आली की उजळणी, मे महिन्यात पुढच्या इयत्तेची व्हेकेशन बॅच. ज्याला शाळाच नाही त्याच्या मागोमाग कसं चालायचं?

सातवीपर्यंत घरी शिकणाऱ्यांना याची फारशी झळ लागत नाही. अपूर्णांक आईवडिलांना येत असतात, इतिहासाच्या गोष्टी सांगता येतात, आणि आरेच्या कडेला राहणाऱ्या मुलाला किडे-पाखरं दाखवायला कुणी मास्तर लागत नाही. नववीच्या वयाला मात्र दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. पालकांचं स्वतःचं गणित-विज्ञान आटत आलेलं असतं आणि दहावीची परीक्षा समोर दिसू लागते. मग इतकी वर्षं क्लासकडे पाठ फिरवून बसलेली घरंही पाट्या वाचू लागतात. अंधेरी ते पवई या पट्ट्यात अशी घरं थोडी, पण त्यांच्या तऱ्हा अनेक. टेनिससाठी किंवा नृत्यासाठी दिवस मोकळा हवा असलेली मुलं, डिस्लेक्सियामुळे वर्गात सतत ओशाळवाणी झालेली मुलं, मालिकांत काम करणारी, विमानतळावरच्या पाळ्यांमुळे ज्यांच्या घराचं घड्याळच निराळं आहे अशी, आणि शाळा पटली नाही एवढ्याच कारणाने घरी राहिलेली.

या सगळ्यांना बाहेरून काय काय मिळू शकतं, ते पाहताना माझं मत आधीच सांगितलेलं बरं. शिकवणारं माणूस बाहेरून फार कमी लागतं. घराला खरोखर कमी पडतात त्या तीन गोष्टी: प्रयोगशाळा, बरोबरीची मुलं आणि परक्या माणसाने भीड न बाळगता तपासलेला पेपर. पैसा आणि संध्याकाळचा वेळ या तिन्हींवर खर्च व्हावा. बाजारात मात्र सगळ्यात जास्त विकलं जातं ते शिकवणंच.

कायद्याचं थोडक्यात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे आणि घरी शिकवण्याबद्दल तो धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयात घरी शिकणाऱ्या एका मुलीच्या वतीने याचिका झाली, तेव्हा केंद्राने आधी 'आडकाठी नाही' असा सूर लावला आणि मग तो बदलला. पण आपला विषय नववीपासून पुढचा आहे आणि त्या वयाला हा कायदा संपतच येतो. हायस्कूलच्या मुलाला घरी शिकवणाऱ्याने वकिलाच्या आधी परीक्षा मंडळाची दारं ठोठावावीत.

पहिला निर्णय क्लासचा नसतोच, परीक्षेचा असतो. हे उलटं करणारे पालक पुष्कळ. ते आधी 'चांगले सर' शोधतात, फी भरतात, आणि सहा महिन्यांनी कळतं की सर शिकवतात सीबीएसई आणि मुलाला त्या मंडळाची परीक्षा घरून देताच येत नाही. नियमित शाळेत नोंद असल्याशिवाय सीबीएसई किंवा आयसीएसईची दहावी मुंबईतल्या घरी शिकणाऱ्या मुलाला जवळपास बंदच आहे. उरतात चार वाटा.

सगळ्यांच्या तोंडी असलेली वाट म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. 'बाहेरून दहावी' म्हणतात ती हीच. मुंबईचं विभागीय मंडळ वाशीला आहे, पण अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी निदान पाचवीपर्यंत शाळा झालेली असावी लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची इथे पंचाईत होते. एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं तिथेच होतात. या वाटेचा मोठा फायदा असा की मरोळमधला कुठलाही एसएससीचा क्लास, कुठलंही गाइड, कुठलीही सराव प्रश्नपत्रिका जशीच्या तशी उपयोगी पडते. मराठी माध्यमातून शिकायचं असेल तर हीच वाट सगळ्यात मळलेली.

दुसरी वाट राज्याच्याच मुक्त विद्यालय मंडळाची. जुलै २०१७ च्या शासन निर्णयाने ते सुरू झालं आणि पाचवी, आठवी, दहावी अशा समकक्ष परीक्षा घेतं. कलाकार आणि खेळाडू मुलं डोळ्यासमोर ठेवून त्याची जाहिरात बरीच झाली. क्लासवाल्यांना मात्र ते अजून फारसं ठाऊक नाही.

तिसरी वाट म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बोलण्यात एनआयओएस. १९७९ साली सीबीएसईच्या प्रकल्पातून निघालेली, १९८९ साली स्वतंत्र झालेली आणि २००२ पासून आताच्या नावाने चालणारी ही संस्था होमस्कूलवाल्यांची सगळ्यात लाडकी, आणि ते बरोबरही आहे. दहावीला किमान १४ वर्षं, बारावीला १५. पाच विषय पुरतात, त्यात निदान एक भाषा हवी. गणित-विज्ञान सक्तीचं नाही. मानसशास्त्र, चित्रकला, हिंदुस्थानी संगीत, गृहविज्ञान यांतूनही निवडता येतं. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा असते आणि एकदा नोंदणी झाली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आज दोन विषय, सहा महिन्यांनी तीन, असंही देता येतं. दहावी मराठीतून देता येते. अभ्यासक्रमाची पुस्तकं संस्था स्वतः देते आणि ती एकट्याने वाचण्यासाठीच लिहिलेली असतात, हा तिचा सगळ्यात दुर्लक्षित गुण. महाराष्ट्राचं विभागीय केंद्र पुण्याला आहे.

या मोकळीकीत दोन खड्डे आहेत. गणित सोडता येतं म्हणून नववीत सोडून दिलं, की बारावीला विज्ञान किंवा अर्थशास्त्र घ्यावंसं वाटणाऱ्या मुलाला ते दार स्वतःच बंद केलेलं सापडतं. चौदाव्या वर्षी गणित नकोसं वाटणं हा त्या वयाचा धर्म आहे. त्यावर आयुष्याचा निर्णय नको. दुसरा खड्डा केंद्राचा. इंजिनिअरिंग किंवा वैद्यकीयच्या राज्याच्या कोट्यात बसायचं तर दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली असणं महत्त्वाचं ठरतं. म्हणून अभ्यासकेंद्र इथलंच घ्यावं, मावशी दिल्लीला आहे म्हणून तिथलं घेऊ नये. आणि एजंटांपासून लांब राहावं. 'एनआयओएस करून देतो, अभ्यासाची चिंता नको' म्हणणारी माणसं उपनगरांत कमी नाहीत. नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. मधल्या माणसाचं तिथे काहीच काम नाही.

चौथी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची, खासगी उमेदवार म्हणून. खर्चिक आहे, आणि बाहेरचा उमेदवार घ्यायचा की नाही हे प्रत्येक परीक्षा केंद्र आपल्या मर्जीने ठरवतं. या मंडळाचं मार्चमधलं सत्र खास भारतासाठी असतं, त्यामुळे निकाल वेळेत लागून अकरावीचा प्रवेश गाठता येतो. पुढे परदेशात जायचं नक्की नसेल तर या वाटेचा मोह टाळावा, असं मला वाटतं.

परीक्षा ठरली की क्लासचा प्रश्न बराच सोपा होतो, कारण मग नेमकं काय विकत घ्यायचं ते कळतं. आणि इथे बाजाराकडे नीट पाहण्यासारखं आहे.

मुंबईत अकरावी-बारावीची हजारो मुलं नावापुरती ज्युनिअर कॉलेजात असतात. दिवसभर ती क्लासमध्ये बसतात, कॉलेज फक्त हॉल तिकीट आणि प्रॅक्टिकलपुरतं. याला 'इंटिग्रेटेड' असं भारदस्त नाव आहे. हे थांबावं म्हणून २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. तरी प्रकार चालूच राहिला. म्हणजे शाळेबाहेर राहून शिकणं ही काही मूठभर विक्षिप्त पालकांची हौस उरलेली नाही. फरक एवढाच की इंटिग्रेटेडवाल्यांचं वेळापत्रक क्लास ठरवतो आणि होमस्कूलवाल्यांचं घर. हे लक्षात आलं की 'आमचं काहीतरी वेगळंच चाललंय' हा अपराधभाव गळतो आणि घासाघीस करायला जोर येतो.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती राबवणं राज्यांच्या हातात आहे, पण पालकाने ती वाचलेली असावीत. पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्राने सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलाला घेऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. मूल मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी आणि एकदा ठरलेली फी मध्येच वाढवू नये, असंही. घरी शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने यातला पहिला नियम गमतीचा आहे. मोठ्या नावाचे क्लास त्याला तसेही नकोच असतात, आणि गल्लीतल्या पंधरा-वीस मुलांच्या क्लासला हा नियम लागत नाही. फी-परतीचा मुद्दा मात्र चौकशीच्या दिवशीच काढावा. दोन वर्षांची फी एकरकमी भरली तर 'डिस्काउंट' मिळतो, आणि मूल तिसऱ्या महिन्यात कंटाळलं तर तोच डिस्काउंट महागात पडतो. मोठ्या क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी बसतो, शाळेच्या फीवर बसत नाही. तो फीच्या आत धरला आहे की वर लागणार, हेही तेव्हाच विचारावं. पावती न देणाऱ्याकडे वर्षाचे पैसे भरू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते.

आता वेळेचं. क्लासच्या बॅचेस संध्याकाळी असतात, कारण मुलं दुपारपर्यंत शाळेत असतात. घरी शिकणारं मूल सकाळभर एकटं असतं, आणि पाचला सोसायटीतली मुलं खाली उतरतात तेव्हा ते क्लासला निघतं. दिवसातल्या ज्या दोन तासांत त्याला समवयस्क भेटू शकतात तेच दोन तास क्लासला विकले जातात, वर 'मुलाला सोशलायझेशन मिळतं' असं समाधानही. क्लासमधल्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलाशी दीड तासात चार वाक्यंही होत नाहीत. म्हणून माझा पहिला नियम असा, की संध्याकाळी पाच ते सात कुठलाही अभ्यासाचा क्लास लावू नये. सकाळी अकराची वेळ मागावी. क्लासची जागा तेव्हा रिकामी असते, भाडं चालूच असतं, सरही मोकळे असतात. दोन-तीन घरी शिकणारी मुलं मिळून गेली तर बरेच जण सकाळच्या बॅचला तयार होतात, आणि फीतही ऐकतात.

दुसरी गोष्ट शिकवण्याऐवजी तपासणं विकत घेण्याची. निवृत्त शाळाशिक्षक हे उपनगरांतलं सगळ्यात वाया जाणारं धन आहे. ज्यांनी वीस-वीस वर्षं दहावीचे पेपर तपासले, मॉडरेटर म्हणून काम केलं, अशी माणसं विलेपार्ले, गोरेगाव, मुलुंडला इमारतीगणिक सापडतात. त्यांना रोजची शिकवणी नकोशी असते. पण महिन्याला चार उत्तरपत्रिका आणून दिल्या, लाल पेनाने तपासून द्यायला सांगितल्या आणि त्यावर अर्धा तास मुलाशी बोलायला सांगितलं, तर ते मनापासून करतात. घरी शिकणाऱ्या मुलाची सगळ्यात मोठी कच्ची बाजू इथेच असते. त्याला विषय समजलेला असतो, पण तीन तासांत, परक्याला कळेल अशा अक्षरात, मागितलं तेवढंच लिहायची सवय नसते. आई वाचते तेव्हा त्याला काय म्हणायचं होतं ते तिला आधीच ठाऊक असतं. परका वाचतो तेव्हा कागदावर आहे तेवढंच दिसतं. एनआयओएसमध्ये गृहपाठासारखा एक प्रकार असतो, टीएमए नावाचा, आणि त्याला वीस टक्के वजन आहे. तो शेवटच्या आठवड्यात उरकण्याची रीत आहे. तोच जर वर्षभर अशा शिक्षकाकडून तपासून घेतला तर त्याचं सोनं होतं. मोठ्या क्लासच्या टेस्ट सिरीजला, फक्त सिरीजला, शिकवणीविना नाव घालता येतं. तेही उत्तम, मात्र उत्तरपत्रिका हातात परत मिळते की नुसता गुणांचा एसएमएस येतो, हे विचारून घ्यावं.

प्रयोगशाळेचा प्रश्न याहून अवघड. भौतिकशास्त्राचं बरंचसं घरी होतं. लंबक, भिंगं, आरसे, विद्युतमंडळ यांसाठी लागणारं सामान लॅमिंग्टन रोडवर आणि आता ऑनलाइनही मिळतं. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायचे शेकडो प्रयोग आणि मराठी पुस्तकंही फुकट आहेत. जीवशास्त्राला साधा मायक्रोस्कोप किंवा कागदाचा फोल्डस्कोप पुरतो, आणि आरेतल्या डबक्याचं पाणी. पण रसायनशास्त्राचं अनुमापन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग पालटण्याचा क्षण पकडणं, हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नये, करता येतही नाही. दहावीला ते निभतं, आयजीसीएसईला तर प्रात्यक्षिकाऐवजी त्याच्यावरचा लेखी पेपर घेण्याची सोय आहे. अकरावी-बारावी विज्ञान घरून करणाऱ्याची मात्र इथेच कोंडी होते. एनआयओएसच्या अभ्यासकेंद्राने प्रात्यक्षिकं करून घ्यायची असतात. काही केंद्रं नीट घेतात, काही परीक्षेच्या आदल्या दिवशी उपकरणं दुरून दाखवतात. म्हणून केंद्र निवडताना फीचा तक्ता मागण्याआधी प्रयोगशाळा दाखवा म्हणावं. बेसिनच्या नळाला पाणी येतं का, टेबलावर डाग आहेत का, ते पाहावं. डाग नसलेली रसायनशाळा वापरात नसते.

मेट्रोने या बाबतीत मरोळला मोठंच दान दिलं आहे. २०१४ पासून घाटकोपर-वर्सोवा मार्ग नाक्यावरून जात होताच. आता आरे ते कफ परेडची भुयारी मेट्रोही तिथेच थांबते. त्या मार्गावर वरळीला विज्ञान केंद्र नावाचं स्थानक आहे. १९८५ साली सुरू झालेलं नेहरू विज्ञान केंद्र आता मरोळच्या पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्याने, गाडी न बदलता, गाठता येतं. तिथल्या सुट्टीतल्या शिबिरांकडे लक्ष ठेवावं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, म्हणजे घाटकोपरपर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा रिक्षा. विज्ञान-गणित ऑलिम्पियाडचं देशातलं मुख्य ठाणं तेच, आणि त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह मोकळ्या आहेत. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची. तिची पत्रिका घरात येत असेल तर नववीच्या मुलाला विज्ञानाची मराठी परिभाषा आपोआप कानावर पडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ 'चाय अँड व्हाय' नावाने जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी गप्पा मारतात. त्यांना प्रश्न विचारायला कुठल्याही शाळेचं ओळखपत्र लागत नाही. या सगळ्या ठिकाणी मिळून वर्षाला जेवढा खर्च होईल तेवढ्यात रोबोटिक्सच्या क्लासचा एक महिनाही भागत नाही.

ऑलिम्पियाडचा विषय निघाला की मुंबईच्या मालविका जोशीचं नाव प्रत्येक होमस्कूल पालकाला कुणी ना कुणी ऐकवतंच. सातवीनंतर तिने दादरची शाळा सोडली, घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेतल्या एमआयटीत तिला प्रवेश मिळाला. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी चुकीचं वापरलं जातं. 'बघा, मार्कशीट लागतच नाही' असं म्हणणारे हे सांगत नाहीत की बारावी नसल्यामुळे आयआयटीची दारं तिला बंद होती. चेन्नईच्या गणितीय संस्थेनेच काय ती तिला आत घेतलं. आणि 'ती हुशारच होती' म्हणून सोडून देणारे दुसरी गोष्ट विसरतात. संगणक ऑलिम्पियाडची तयारी-शिबिरं याच चेन्नईच्या संस्थेत होतात. तिथे परकी, अव्वल माणसं मुलाचं काम तपासतात आणि आजूबाजूला त्याच्यासारखीच वेडी मुलं असतात. तपासणी आणि सोबत, या दोन्ही गोष्टी स्पर्धेतून मिळतात, आणि जवळजवळ फुकट. पदक मिळो न मिळो, घरी शिकणाऱ्या मुलाने एखाद्या खुल्या स्पर्धेची तयारी जरूर करावी, असं म्हणायला हे उदाहरण पुरेसं आहे. प्रमाणपत्राविना राहावं, असं म्हणायला पुरेसं नाही.

मैदानाच्या बाबतीत खेळ कोणता त्यावर सगळं आहे, आणि ही गोष्ट शाळा सोडण्याआधी पाहायची, नंतर नाही. मुंबईत क्रिकेटची चढण जाइल्स आणि हॅरिस शिल्डवरून जाते. १९८८ साली तेंडुलकर-कांबळींची ६६४ धावांची भागी झाली ती हॅरिस शिल्डमध्येच. या आंतरशालेय स्पर्धा आहेत; शाळा नाही तर संघ नाही. क्लबची कांगा लीग आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तिथे जागा मिळणं दुर्मीळ. क्रिकेटसाठी म्हणून शाळा सोडणाऱ्या पालकांनी हा हिशेब केलेला नसतो. उलट बुद्धिबळ, टेनिस, पोहणं यांच्या संघटनांच्या स्पर्धा वयोगटावर चालतात, तिथे शाळा कुणी विचारत नाही. आझादनगर मेट्रो स्थानकाजवळचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल महापालिकेचं आहे, गोरेगावला प्रबोधनचं क्रीडासंकुल आहे. संगीत-नृत्यात तर प्रश्नच नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कुणालाही देता येतात, आणि घरी शिकणाऱ्या मुलाच्या हातातलं पहिलं बाहेरचं प्रमाणपत्र पुष्कळदा तेच असतं. पक्षी-प्राण्यांची ओढ असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगावला फिल्मसिटीजवळ आहे.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींचा ढीग एवढा मोठा आहे की तोच अडचण होऊन बसतो. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, दीक्षा आणि स्वयम् ही सरकारी दालनं आहेत, खान अकॅडमी आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यांतलं एक निवडून बाकीची बंद करणं एवढंच काम. मराठीतून शिकणाऱ्याचं दुखणं निराळं. दहावीपर्यंत त्याला बालभारती पुरते, संदर्भाला मराठी विश्वकोश जालावर मोकळा आहे, पण त्यापुढच्या विज्ञानाचं मराठीत एकट्याने वाचण्यासारखं फारच थोडं आहे. मरोळचे क्लासही आठवीनंतर मराठी माध्यमाच्या मुलाला सेमी-इंग्रजीच्या बॅचमध्ये बसवून मोकळे होतात. इथे मात्र शिकवणारं माणूस खरंच लागतं: दोन्ही भाषांत विषय येणारं, आणि एका वर्षात मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तक वाचायला बसवणारं. पैसे खर्च करायचेच असतील तर मी इथे करीन. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाचं ग्रंथालय किंवा गोरेगावच्या केशव गोरे स्मारकाचं वाचनालय अशा मुलाला रोज दोन तास बसायला दिलं, तर घराच्या चार भिंतींतून सुटकाही होते.

निवडीची वेळ म्हणाल तर नववीचं वर्ष. त्या वर्षी बोर्ड नसतं, एखादा क्लास फसला तर काही बिघडत नाही. एका वेळी एकच नवा क्लास लावावा, पहिल्या महिन्याची फी भरावी आणि त्या महिन्यात मुलाने घरी येऊन स्वतःहून काही केलं का तेवढं पाहावं. डेमो लेक्चरवर विश्वास ठेवू नये; डेमोला सगळ्यात छान बोलणारे सर येतात, वर्षभर दुसरेच. मुलाला सोबत न्यावं आणि प्रश्न त्याला विचारू द्यावेत. बंद करण्याचा हक्कही त्याचाच असावा, फक्त महिनाअखेरीस, मध्येच नाही.

आणि एक फाइल ठेवावी. क्लासच्या पावत्या, तपासलेले पेपर, टीएमएच्या प्रती, शिबिरांची पत्रं, गांधर्वची प्रमाणपत्रं, सगळं तारखेनिशी. एनआयओएसची दहावी झाल्यावर गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर प्रमाणपत्र मिळतं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या जागी तेच चालतं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि दुसऱ्या मंडळातून आलेल्यांना त्यात अर्ज करता येतो. अर्ज पडताळणीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाने होमस्कूलिंग हा शब्द ऐकलेला असेलच असं नाही. त्याच्यापुढे मूळ गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि दोन-दोन झेरॉक्स ठेवाव्यात. घरी शिकवण्यामागचं तत्त्वज्ञान त्याने विचारलंच तर सांगावं.